सरकारी घोडा, शेतकऱ्याची घोडी

इंग्रजी अमलाचा जमाखर्च मांडताना रेल्वे, टपाल, कालवे आणि शाळा यांची नावे हटकून घेतली जातात. शेतकऱ्याच्या घोडीसाठी जिल्ह्याच्या ठाण्यावर बांधलेल्या सरकारी घोड्याची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. उत्तम कुळातील घोडा सरकारने स्वखर्चाने परदेशातून आणावा, तो ग्रामीण भागात ठेवावा आणि शेतकऱ्याने आपली घोडी त्याच्याकडून विनामूल्य फळवून घ्यावी, ही योजना वरवर पाहता निखळ उपकाराची वाटते. परंतु पंजाबातील शाहपूर जिल्ह्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी, याच उपकाराचे रूपांतर जमिनीच्या शर्तीत झाले. ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे. कारण राज्यकर्त्यांच्या तोंडी असलेल्या ‘सुधारणा’ या शब्दाचा खरा अर्थ तेथे उघडा पडला.

लष्कराची नड

हिंदुस्थानातील शेतकऱ्याचे जनावर म्हणजे बैल. नांगर, मोट, गाडा आणि मळणी ही सारी कामे बैलाच्या खांद्यावर चालत. घोडे पाळले जात ते स्वारीसाठी, ओझ्यासाठी आणि प्रतिष्ठेसाठी. मराठ्यांच्या फौजांनी भीमेच्या आणि नीरेच्या खोऱ्यांतील काटक भीमाथडी घोड्यांवर दूरदूरच्या मोहिमा केल्या. हे घोडे अंगाने लहान, परंतु थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारे होते. कंपनी सरकारला हवा होता तो निराळाच घोडा. जड सामानासह गोऱ्या स्वाराला वाहून नेणारा आणि तोफा ओढणारा उंच व भारदस्त घोडा त्याला पाहिजे होता.

या गरजेपोटी अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमध्ये पुसा येथे कंपनीने अश्वपैदासीचे केंद्र उभारले. १८०८ साली त्याची सूत्रे विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याकडे आली. मध्य आशियातील घोडे मिळवण्याच्या ध्यासाने हा गृहस्थ लडाख, काश्मीर, काबूल असे करीत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ मध्ये परतीच्या वाटेवरच मरण पावला. पुसाचा खर्च वाढत गेला, पण लष्कराची गरज भागली नाही. अखेर १८७० नंतरच्या दशकात सरकारने ही जुनी केंद्रे मोडीत काढली. ज्या पुसात घोडे पैदा होत, तेथेच पुढे १९०५ साली कृषिसंशोधन संस्था निघाली.

ऐच्छिक साहाय्य

केंद्रे मोडल्यावर सरकारने दुसरा मार्ग धरला. सरकारने केवळ पैदाशीचे घोडे पुरवावेत आणि घोड्या शेतकऱ्यांच्या असाव्यात, असे ठरले. इंग्लंडमधील शुद्ध रक्ताचे शर्यती जातीचे घोडे, नॉरफोकचे दुडक्या चालीचे घोडे आणि अरबी घोडे निरनिराळ्या जिल्ह्यांतील ठाण्यांवर ठेवण्यात आले. अधिकाऱ्याने शेतकऱ्याची घोडी तपासावी, पसंत पडल्यास तिला डाग द्यावा आणि डाग दिलेल्या घोडीला सरकारी घोड्याची सेवा फुकट मिळावी, अशी ही पद्धत होती. सोबत पशुवैद्यक, म्हणजे सलोत्री, असे. जत्रांतून घोड्यांची प्रदर्शने भरत आणि चांगल्या शिंगरांना बक्षिसे मिळत.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या इंग्रजी घोड्यांच्या वंशावळीचा एवढा बडेजाव होता, त्यांची अधिकृत नोंदवही १७९१ मध्ये प्रथम छापली गेली. परंतु त्या वहीतील सर्व घोड्यांचा पितृवंश सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपाशी जाऊन पोचतो. पूर्वेचेच रक्त इंग्लंडची हवा खाऊन, कागदावर नोंदले जाऊन, ‘उच्च कुळ’ म्हणून पूर्वेकडे परत येत होते.

या पद्धतीत शेतकऱ्याचे स्वातंत्र्य अबाधित होते, हे मान्य केले पाहिजे. घोडी आणावी की न आणावी हे त्याच्या मर्जीवर होते. झालेले शिंगरू त्याचेच असे आणि जो अधिक किंमत देईल त्याला तो ते विकी. नेमके हेच लष्कराला खुपू लागले. सरकारी घोड्यापासून झालेले उत्तम जनावर एखादा संस्थानिक किंवा जमीनदार चढ्या भावाने घेऊन जाई. लष्कराला ऑस्ट्रेलियातून जहाजांनी येणाऱ्या ‘वेलर’ घोड्यांवर अवलंबून राहावे लागे. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धाने घोड्यांची निकड आणखी वाढवली. समुद्रापलीकडच्या पुरवठ्यावर सैन्याचा भरवसा ठेवणे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटू लागले आणि १९००-०१ मध्ये घोडे व खेचरे यांच्या पैदाशीचा विचार करण्यासाठी एक आयोग बसला.

जमिनीला बांधलेली घोडी

याच सुमारास झेलम नदीवर नवा कालवा तयार झाला होता. १९०१ मध्ये लोअर झेलम कालव्याचे पाणी सुटले आणि शाहपूर जिल्ह्यातील ओसाड माळ लागवडीखाली येऊ लागला. सरगोधा हे नवे शहर १९०३ मध्ये वसले. पुढे पंजाबचे गव्हर्नर झालेले माल्कम हेली तेथे वसाहत अधिकारी होते. दाट वस्तीच्या जिल्ह्यांतून शेतकरी कुटुंबे आणून त्यांना नव्या जमिनी द्यावयाच्या होत्या. पाणी सरकारचे, जमीन सरकारची. तेव्हा अटीही सरकारच्याच.

ती अट अशी पडली की, जमीन हवी असेल त्याने सरकारला पसंत पडेल अशी घोडी पाळली पाहिजे. ती सरकारी घोड्याकडूनच फळवली पाहिजे आणि होणाऱ्या शिंगरावर खरेदीचा पहिला हक्क लष्कराचा राहील. अशा खातेदाराला ‘घोडीपाल’ हे नाव पडले. घोडी मेली तर दुसरी आणावयाची, अधिकाऱ्याने नापसंत केली तर बदलावयाची आणि अट मोडल्यास जमीन गमावण्याची भीती मनात बाळगावयाची. कालव्याच्या ज्या पाण्यावर गहू आणि कापूस पिकावयाचा, त्यातले काही घोडीच्या हिरव्या चाऱ्यासाठी खर्ची पडू लागले. शेताचा नांगर ओढण्यासाठी बैल निराळे पोसावे लागतच.

याहून गंभीर गोष्ट वारसाहक्काची होती. पंजाबी शेतकऱ्यांच्या रिवाजानुसार बापाची जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. परंतु जमिनीचे तुकडे पडले तर घोडी कोणी पाळावयाची? यावर सरकारने तोडगा काढला की, घोडीपालाच्या जमिनीचा वारस एकच असावा. एका घोडीच्या सोयीसाठी भावाभावांमधील पिढीजात न्याय बाजूला सारला गेला. ज्या घरात चार मुलगे, त्या घरात तिघांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हते.

असाच असंतोष शेजारच्या चिनाब वसाहतीतही अन्य कारणांनी धुमसत होता. १९०६-०७ मध्ये आलेल्या वसाहत विधेयकाने वारसा आणि शर्ती यांचा फास अधिक आवळला, तेव्हा पंजाबातील शेतकरी खवळून उठला. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १९०७ मध्ये मंडालेला हद्दपार करण्यात आले. पण विधेयकाला संमती देण्याचे धाडस व्हाइसरॉय मिंटो यांनाही झाले नाही. ज्या प्रांतातून सैन्यासाठी माणसे मिळत होती तो प्रांत दुखावणे परवडणारे नव्हते. घोडीपालांच्या मानेवरील जू मात्र त्यानंतरही राहिले.

शिलेदार की बारगीर?

मराठी वाचकाला या व्यवस्थेचा अर्थ दोन जुन्या शब्दांनी चटकन कळेल. स्वतःच्या घोड्यावर चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. इंग्रजांनी आपल्या देशी घोडदळात शिलेदारीची पद्धत, नावासकट, दीर्घकाळ चालवली. शिलेदाराला मान होता, कारण घोडा त्याचा होता. मग घोडीपाल कोण? घोडी त्याच्या पैशाची, चारा त्याच्या शेतातला, राबणूक त्याच्या घरच्या माणसांची. म्हणजे खर्चाच्या बाजूने तो शिलेदार. पण नर सरकारचा, पसंती सरकारची, शिंगरावर पहिला हक्क सरकारचा. म्हणजे अधिकाराच्या बाजूने तो बारगीरच. शिलेदाराचा खर्च आणि बारगीराची ताबेदारी अशी दुहेरी ओझी एकाच माणसावर लादणारी ही युक्ती होती.

आणि एवढे करून लष्कराची नड तरी भागली काय? घोड्यांच्या पैदाशीत एवढी सुपीक जमीन गुंतवूनही परदेशी घोड्यांची आयात थांबली नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घोडदळाच्या पलटणी मोटारी आणि रणगाडे यांवर चढू लागल्या. ज्या गरजेसाठी शेतकऱ्यांच्या पिढ्या बांधल्या गेल्या ती गरजच ओसरू लागली.

सरकारी घोडा वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. जातिवंत नराची सेवा दारात मिळणे, सोबत पशुवैद्य असणे, प्रदर्शनात बक्षीस मिळणे, या साऱ्या गोष्टी हितकारकच होत्या. तोच घोडा, तीच घोडी, तोच शेतकरी. जोपर्यंत नाही म्हणण्याची मोकळीक होती तोपर्यंत ती मदत होती. ती मोकळीक जमिनीच्या शर्तीने हिरावली गेली, त्या दिवशी मदतीची वेठ झाली.

आज घोड्याची जागा संकरित गायीने, सुधारित बियाण्याने, कर्जाच्या योजनेने घेतली आहे. शास्त्राने दिलेल्या या देणग्या नाकारणे हा वेडेपणा ठरेल. परंतु प्रत्येक योजनेला दोन साधे प्रश्न विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला असला पाहिजे: ही सुधारणा कोणाच्या गरजेतून आली आहे, आणि ती नको असेल तर ‘नको’ म्हणून आपल्या जमिनीवर सुखाने राहता येईल काय? शाहपूरच्या घोडीपालाला हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती सोय ज्या व्यवस्थेत शाबूत राहते, तिलाच शेतकऱ्याची हितकर्ती म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.