लाकडी जहाज-प्रतिकृतीच्या धडाची सुधारणा : 'ट्रिंकोमाली' फ्रिगेटच्या आधारे एक विवेचन

जहाजाची लहान प्रतिकृती ही दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जी जहाजे मोडीत निघाली वा बुडाली, त्यांच्या घडणीचा विचार करू लागले म्हणजे प्रतिकृतीला दस्तऐवजाची योग्यता प्राप्त होते. डोलकाठ्या, शिडे आणि दोर वजा केल्यावर जे उरते ते जहाजाचे धड. जहाज पाणी कसे कापील, किती भार वाहील आणि वाऱ्यात कसे वागेल, हे प्रामुख्याने या धडाच्या वळणांवर अवलंबून असते. म्हणून प्रतिकृतीचे धड चुकले तर वरील सारी कलाकुसर कितीही सुबक असली तरी ती प्रतिकृती मूळ जहाजाविषयी खोटी साक्ष देते.

आज बहुतेक हौशी कारागीर तयार कापलेल्या भागांचा जोडणी-संच घेऊन काम करतात. अशा संचातील धड सुधारता येते काय, कसे सुधारावे, आणि ही सुधारणा कोठे थांबवावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटची १:६४ प्रमाणातील प्रतिकृती घेतली आहे. कोणत्याही विशिष्ट उत्पादकाचा संच येथे अभिप्रेत नाही. या प्रकारच्या संचांची जी सामान्य रचना असते, तीच विचारात घेतली आहे.

१. आकृतीचा प्रवास

'ट्रिंकोमाली' हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाचे बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. ते ब्रिटिश नौदलाच्या 'लेडा' वर्गातील जहाज होय. या वर्गात चाळीसहून अधिक जहाजे बांधली गेली. त्यांच्या धडाची मूळ आकृती मात्र इंग्रजी नव्हे. फ्रेंच नौकारचनाकार झाक-नोएल साने याने आखलेले 'एबे' नावाचे फ्रिगेट १७८२ साली इंग्रजांच्या हाती पडले. त्याच्या धडाच्या रेषा उतरवून घेऊन त्यांवरून 'लेडा' वर्ग सिद्ध करण्यात आला.

मुंबईकडे पाठविलेल्या आकृतींचा पहिला संच 'जावा' या जहाजावर होता. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटने 'जावा' जिंकले आणि ते पुढे जाळण्यात आले. त्याबरोबर त्या आकृतीही गेल्या. दुसरी प्रत पाठविल्यावरच मुंबईतील बांधणीस आरंभ होऊ शकला. तात्पर्य, फ्रेंच जहाज, त्यावरून इंग्रजी आकृती, तिची नक्कल, त्या नकलेवरून मुंबईचे जहाज, अशी ही परंपरा आहे. आजचा जोडणी-संच म्हणजे या परंपरेतील आणखी एक नक्कल होय. प्रत्येक नकलेत काही ना काही गळते. संचाच्या बाबतीत काय गळते, ते पुढे पाहू.

२. संचाची रचना

संचाच्या धडात सामान्यतः प्लायवूडचा एक उभा मध्यपाट असतो. त्याच्या खालच्या कडेला पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, जोडला जातो. मध्यपाटाच्या खाचांत ठराविक अंतरांवर आडवे पाट बसविले जातात. प्रत्येक आडवा पाट हा त्या ठिकाणचा जहाजाचा आडवा छेद असतो. या पाटांवर लाकडाच्या लवचीक पट्ट्यांचा पहिला थर आणि त्यावर बारीक पट्ट्यांचा दुसरा थर चढविला की धड पूर्ण होते.

खऱ्या जहाजात बरगड्या परस्परांच्या अगदी निकट असतात, त्यामुळे प्रत्येक फळीला जवळजवळ सलग आधार मिळतो. संचात मात्र बारा ते पंधरा आडव्या पाटांवर सारा भार असतो. 'ट्रिंकोमाली'च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. ती १:६४ प्रमाणात ७१६ मि. मी. भरते. या लांबीत चौदा पाट बसविल्यास दोन पाटांमधील अंतर सरासरी ५० मि. मी. पडते, म्हणजे मूळ जहाजावर ३.२ मीटर. एवढ्या अंतरात धडाने कोणते वळण घ्यावे, याविषयी संच मौन पाळतो. ते वळण पट्टीच्या ताठरपणावर सोडलेले असते.

३. फळ्यांच्या जाडीचा हिशेब

प्रथम तपासावयाची गोष्ट म्हणजे आडव्या पाटांची रुंदी. नौदलाच्या आकृतींतील छेदरेषा बहुधा बरगड्यांच्या बाहेरच्या कडेच्या असतात. फळ्यांची जाडी त्यावर निराळी धरावयाची असते. संचातील पट्ट्यांचे दोन थर प्रमाणापेक्षा जाड असू शकतात. पहिला थर १.५ मि. मी. आणि दुसरा १ मि. मी. धरल्यास एका बाजूला २.५ मि. मी. व दोन्ही बाजूंना मिळून ५ मि. मी. वाढ होते. मूळ जहाजावर ती ३२ सें. मी. होय. 'ट्रिंकोमाली'ची रुंदी सुमारे ४० फूट, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे १९० मि. मी. आहे. पाट जर बाहेरच्या आकाराप्रमाणे कापलेले असतील, तर जहाज एका फुटाहून अधिक रुंद होईल. यासाठी पाट सांधण्यापूर्वी ते आकृतीवर ठेवून मोजावेत आणि दोन थरांची जाडी धरून अंतिम रुंदी बरोबर येईल इतपत कडा तासाव्यात.

हाच दोष पिछाडीला सर्वांत ठळक दिसतो. तेथे धड पाण्याखाली निमुळते होत सुकाणूच्या खांबाला मिळते. मध्यपाट ५ मि. मी. जाड असेल आणि त्यावर दोन्ही बाजूंनी २.५ मि. मी. चढले, तर तेथील जाडी १० मि. मी. होते. मूळ जहाजावर ती ६४ सें. मी., म्हणजे दोन फुटांहून अधिक भरेल. सुकाणूपुढे एवढा बोजड ठोकळा कोणत्याही फ्रिगेटला नव्हता. त्यामुळे सुकाणूकडे येणारे पाणी अडेल, ही गोष्ट जाणत्या निरीक्षकाच्या तत्काळ ध्यानात येते.

उपाय असा. फळ्यांच्या आतल्या पृष्ठाची जी रेषा मध्यपाटावर उमटते, ती आकृतीवरून दोन्ही बाजूंना आखून घ्यावी. त्या रेषेपासून खांबापर्यंत मध्यपाट दोन्हीकडून उतरता तासून खांबाजवळ २.५ मि. मी. करावा. फळ्यांची टोकेही तेथे निम्म्या जाडीपर्यंत आणावीत. असे केले असता एकूण जाडी पुन्हा ५ मि. मी.च्या आसपास येते आणि फळ्या खांबाशी समपातळीत मिळतात. पठाणाच्या व नाळेच्या कडेला फळीची धार बसेल अशी तिरकी खाच पाडावी. संचात ही खाच पुष्कळदा दिलेली नसते. फळी कण्याला नुसती टेकविणे आणि खाचेत बसविणे यांत मोठे अंतर आहे.

४. पाटांमधील पोकळी

दोन पाटांमध्ये पट्टीने सरळ रेषा धरली तर चूक किती होईल, हे साध्या भूमितीने काढता येते. वक्राची त्रिज्या २०० मि. मी. आणि पाटांमधील अंतर ५० मि. मी. असल्यास वक्र व सरळ रेषा यांतील कमाल अंतर, अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागून, सुमारे १.६ मि. मी. येते. मूळ जहाजावर ते १० सें. मी. आहे. मध्ये एक पाट वाढवून अंतर २५ मि. मी. केल्यास हीच चूक ०.४ मि. मी.वर, म्हणजे चतुर्थांशावर येते. पट्टी पूर्णपणे सरळ राहत नाही, हे खरे. तथापि सर्वांत प्रतिकूल स्थितीत चूक कोठवर जाईल, हे यावरून कळते. नाळेकडे त्रिज्या याहूनही लहान असते, म्हणून चूक तेथे सर्वाधिक संभवते. 'एबे'च्या रेषा ज्या गुणासाठी उतरवून घेतल्या गेल्या, तो गुण पाणी कापणाऱ्या पुढच्या आणि पाणी सोडणाऱ्या मागच्या भागांतच प्रामुख्याने आहे. संच दुर्बल असतो तोही नेमका याच ठिकाणी.

वाढीव पाटाचा आकार अदमासाने कापू नये. आकृतीच्या वरून दिसणाऱ्या दृश्यात निरनिराळ्या पातळ्यांवरील जलरेषा आखलेल्या असतात. नव्या पाटाची जागा त्या दृश्यावर निश्चित करावी. प्रत्येक जलरेषेची मध्यरेषेपासूनची अर्धी रुंदी मोजून ती आलेखावर मांडावी. मिळालेले बिंदू लवचीक पट्टीने जोडले की नवा छेद सिद्ध होतो. नाळेकडील शेवटच्या दोन-तीन पाटांमध्ये बाल्सा किंवा पांगाऱ्यासारख्या मऊ, हलक्या लाकडाचे ठोकळे भरून ते वळणाप्रमाणे तासणे अधिक सोयीचे असते. फळीला तेथे सलग आधार मिळतो.

यानंतर पाटांच्या कडा वळणशीर करावयाच्या. एक पातळ, गाठ नसलेली पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत वेगवेगळ्या उंचींवर टेकवून पाहावी. ती प्रत्येक पाटाच्या पूर्ण जाडीला लागली पाहिजे. कोठे उचलली जात असेल तर तो पाट उणा आहे आणि तेथे पातळ पट्टी चिकटवून भर घालावी. कोठे कुबड आले तर तासावे. कागदी पुठ्ठ्याचे उलटे साचे कापून ते दोन्ही बाजूंना लावून पाहिले म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी आहे की नाही, हेही समजते.

ही क्रिया प्रतिकृतिकाराने नव्याने शोधलेली नव्हे. त्या काळी इंग्रजी नौदलाच्या आकृती बहुधा १:४८ प्रमाणात असत. त्यांतील एका मिलिमीटरची चूक जहाजावर ४८ मि. मी. होत असे. म्हणून रेषा पूर्ण आकारात जमिनीवर उतरवून, लवचीक पट्ट्यांनी त्या जुळवून मगच साचे कापण्याची पद्धत होती. कागद आणि लाकूड यांतील विसंगती दूर करण्याची हीच विद्या लहान प्रमाणात प्रतिकृतीलाही लागू पडते.

५. फळ्यांची मांडणी

धड वळणशीर झाल्यावरही फळ्या चुकीच्या पद्धतीने बसविल्यास श्रम व्यर्थ जातात. समजा, मध्यभागी एका बाजूचा घेर १६० मि. मी. आणि नाळेशी ९० मि. मी. आहे. ६ मि. मी. रुंदीच्या पट्ट्या घेतल्यास मध्यभागी सत्तावीस लागतात. त्या साऱ्या नाळेपर्यंत न्यावयाच्या तर प्रत्येकीची रुंदी तेथे ३.३ मि. मी. झाली पाहिजे. हा हिशेब न करता पूर्ण रुंदीच्या पट्ट्या बसवीत गेल्यास त्या नाळेशी एकमेकींवर चढू पाहतात, कडेवर वाकविल्या जातात आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. पट्टी चपट्या बाजूने सहज वाकते, कडेवर वाकत नाही. हा लाकडाचा स्वभाव ध्यानी घेऊनच प्रत्येक पट्टी आगाऊ निमुळती करावी. रुंदी निम्म्याहून कमी होत असेल तर दोन फळ्यांऐवजी पुढे एकच फळी न्यावी. पिछाडीला घेर वाढतो, तेथे पाचरीच्या आकाराची फळी घालावी. या दोन्ही युक्त्या जहाजबांधणीत प्रत्यक्ष वापरल्या जात.

पहिल्या थरातील खोलगट जागा लांबीने भरून काढण्याचा मोह टाळावा. लांबी ही फटींसाठी आहे, आकारासाठी नव्हे. पाट चुकलेला असेल तर लांबीने तो दोष फक्त झाकला जातो. दुसरा थर जेमतेम एक मिलिमीटर जाड असल्याने तो घासूनही चूक निस्तरता येत नाही. बुडाला तांब्याचे पत्रे लावावयाचे असल्यास अधिकच दक्षता हवी. चार फूट लांब व चौदा इंच रुंद पत्रा या प्रमाणात सुमारे १९ × ५.६ मि. मी. होतो. चकाकणाऱ्या धातूवर पृष्ठभागाचा लहानसा खळगाही लपत नाही.

६. सुधारणेची मर्यादा

सुधारणा करण्यापूर्वी प्रतिकृती कोणत्या सालच्या जहाजाची आहे, हे ठरविणे अवश्य आहे. १८४०च्या दशकात 'ट्रिंकोमाली'चे रूपांतर कमी तोफांच्या कॉर्व्हेटमध्ये करताना तिच्या पिछाडीचा आकार बदलण्यात आला. १८१७ची आकृती आणि आजच्या जहाजाची छायाचित्रे यांची सरमिसळ केल्यास कोणत्याही काळी अस्तित्वात नसलेले जहाज निर्माण होईल. त्याच वर्गातील 'युनिकॉर्न' हे जहाज १८२४ साली चॅटम येथे पाण्यात उतरले आणि ते डंडी येथे टिकून आहे. परंतु त्याच्या बांधणीची पद्धत बदललेली होती. त्यामुळे 'लेडा' वर्ग या एका नावाखाली एकाचा तपशील दुसऱ्यावर लादणे योग्य ठरत नाही.

म्हणून प्रत्येक बदलामागे आधार असावा आणि तो लिहून ठेवावा. कोणता पाट किती तासला, कोणता नव्याने घातला, त्याची मापे कोणत्या आकृतीवरून घेतली, आणि कोठे आधार न मिळाल्याने संचातील आकार तसाच ठेवला, याची टिपणवही प्रतिकृतीबरोबर राहिली पाहिजे. फळ्या चढल्यानंतर आतील पाट पुन्हा दिसत नाहीत. पुढील अभ्यासकाला धडाचे वळण नौदलाच्या आकृतीतून आले, संचातून आले की कारागिराच्या हातातून, हे त्या वहीशिवाय सांगता येणार नाही. मुंबईच्या गोदीत दुसरी प्रत पोहोचली म्हणून मूळ रेषांना धरून जहाज उभे राहू शकले. प्रतिकृतीचे धड सुधारण्याचे प्रयोजनही तेच आहे. आपल्या हातून जी प्रत पुढे जाईल, ती मिळालेल्या प्रतीपेक्षा मुळाच्या अधिक जवळची असावी, आणि ती किती जवळची आहे हे पुढच्याला तपासून पाहता यावे.