‘मी भाकरी खाल्ला’: धारवाडी थट्टेचे व्याकरण

हुबळी-धारवाडच्या मराठी घरात जेवायला आलेला कानडी स्नेही ‘मी भाकरी खाल्ला’ म्हणाला की पंगतीत हशा पिकतो आणि बहुधा तोही त्यात सामील होतो. या वाक्यात हसण्यासारखे नेमके काय आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कानडीत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. मराठीने मात्र भाकरी स्त्रीलिंगी, भात पुल्लिंगी आणि ताक नपुंसकलिंगी ठरवून ठेवले आहे. का, ते विचारू नये. दुसरी अडचण याहून बिकट. कानडी क्रियापद कर्त्याशी इमान राखते. मराठी क्रियापद ‘खाल्ली’सारख्या रूपात कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. खाणारा पुरुष, पण क्रियापद भाकरीचे! म्हणजे ज्याला आपण हसतो तो गृहस्थ आपल्या मातृभाषेचा नियम चोख पाळत असतो.

याची परतफेडही होतेच. कानडीत एकार आणि ओकार ऱ्हस्व व दीर्घ असे वेगवेगळे असतात. मराठी कानाला हा भेद जाणवत नाही. ‘कोडु’मधला ओकार आखूड असेल तर अर्थ ‘दे’, लांबला तर ‘शिंग’. मराठी माणूस मित्राकडे काही मागायला जातो आणि शिंग म्हणून मोकळा होतो. मग हसण्याची पाळी कानडी मित्राची.

थट्टा आणि टवाळी यांतली सीमारेषा येथेच आहे. थट्टेत समोरच्याला उलट टोला देता येतो; टवाळीत तो बहुधा जागेवर नसतोच. धारवाडात हा हिशेब फार काळ बरोबरीचा राहिला, कारण दोन्ही भाषा एकाच घरात नांदत होत्या. १९७३ चे ज्ञानपीठ ज्यांना मिळाले ते कानडीचे वरकवी द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरातले. आपण तरी ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ कोठून आणले?

लेखनात हीच थट्टा पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात केली. बेळगावच्या रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी वाचताना हसू आवरत नाही. पण शेवटी डोळ्यांसमोर राहतो तो माणूस, त्याच्या चुका नव्हेत. पु. ल. स्वतः बेळगावात अध्यापक होते. तो हेल त्यांनी शेजारी बसून ऐकलेला होता.

सीमावाद तापला की तोच हेल चित्रफितींतून फिरू लागतो. शब्द तेच, नक्कलही तीच. फक्त नक्कल करणाऱ्याला समोरच्याचे नाव ठाऊक नसते आणि उत्तर ऐकण्याची त्याला गरज वाटत नाही. कोकणी वळणाची मराठी घेऊन पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात गेलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खोलीतला मित्र त्याचा हेल काढतो तेव्हा तो हसतो. वर्गात मागच्या बाकावरून तोच हेल ऐकू येतो, तेव्हा पुढचा प्रश्न विचारण्याचे तो टाळतो.