सुंठीचा सुगंध

आले वाळले म्हणजे त्यातील केवळ पाणी उडून जाते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी ती अर्धीच खरी आहे. ताज्या आल्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते आणि सुंठ टिकाऊ व्हावयाची तर ते १० टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. परंतु या अवधीत, आले किसताना नाकाशी दरवळणारा लिंबासारखा गंध ज्यामुळे येतो ते सिट्रलासारखे हलके द्रव्य बऱ्याच अंशी हवेत विरते, आणि झिंजिबेरीनासारखी जड द्रव्ये मागे राहिल्यामुळे सुंठीला तो गंभीर, काष्ठवत् वास येतो. तिखटपणाचे मात्र उलटे होते: जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून गेला की त्याचे अधिक जहाल असे शोगाओल बनते, आणि उष्णता जितकी अधिक तितके हे रूपांतर जलद.

सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या लगत असतात, यास्तव मलबारातील कारागीर लोखंडी सुरी वर्ज्य मानून बांबूच्या टोकदार कामटीने साल वरवर खरवडतात आणि अखंड गड्डे आठवडा-दीड आठवडा उन्हात पसरतात. चकत्या करून यंत्राच्या तप्त हवेत वाळवल्यास वेळ वाचतो खरा, पण कापलेल्या पृष्ठभागातून तेल निसटते. गोठवून निर्वातात वाळवण्याची रीत गंध उत्तम राखते. तिचा खर्च मात्र बाजारातील सामान्य जिनसाला परवडणारा नाही. आमरसात घालावयाची सुंठ उन्हात वाळलेलीच असावी, असे माझे मत आहे.