'गाभण आहे', हे कोणी सांगायचं?

मूर्तिजापूरकर मंडळींनो, गाडगेबाबा लहानपणी आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गुरं राखत. पुढे याच गावात त्यांनी गोरक्षणाचं काम उभं केलं. अशा गावात गुरांवर बोलायचं म्हणजे आम्हालाही जरा सांभाळूनच बोलावं लागतं. आजचा प्रश्न साधा आहे. बाजारात गाय-म्हैस विकताना 'गाभण आहे' असं सांगतात, ते कशाच्या आधारावर?

मागे एका शेतकरी भाऊंनी विचारलं होतं, "साहेब, बिल्ला तं लावला, आता अजून काय पाह्यजे?" बऱ्याच जणांचा समज असाच आहे, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करू. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. तो जनावराचा आधार क्रमांक समजा. आपल्या राज्यात 1 जून 2024 पासून खरेदी-विक्रीसाठी हा बिल्ला बंधनकारक झाला. पण बिल्ला फक्त 'ही कोण' एवढंच सांगतो. ती गाभण आहे की खाली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते कळतं त्या क्रमांकापुढे केलेल्या नोंदींवरून: रेतन कधी झालं, गर्भ तपासणी कधी झाली, निकाल काय आला. तपासणीच झाली नसेल, तर नोंद येणार कुठून?

आता तपासणीकडे येऊ. रेतनानंतर साधारण 21 दिवसांनी जनावर पुन्हा माजावर आलं नाही, की आपण म्हणतो, "राहिली." हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. म्हशीत मुका माज असतो. ती माजावर येऊन जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. उलट काही गाभण गायी माजाची लक्षणं दाखवतात. तिला न तपासता पुन्हा रेतन केलं, तर गर्भ जाण्याची भीती असते. म्हणून पशुवैद्यक गुदमार्गातून हात घालून गर्भाशय तपासतात. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी ही तपासणी भरवशाची होते. सोनोग्राफी असेल तर महिनाभरानंतरही कळू शकतं. हे काम शिकलेल्या हाताचंच आहे. अनाडी माणसानं दाबादाबी केली, तर गर्भाला इजा होते.

दाखला घेताना त्यावर पाच गोष्टी पाहा: बिल्ल्याचा पूर्ण क्रमांक, तपासणीची तारीख, तपासणीची पद्धत, गर्भ अंदाजे किती महिन्यांचा, आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक. यात तारीख सगळ्यात महत्त्वाची. दाखला त्या दिवसापुरता खरा असतो. नंतर गर्भ पडला, तर कागदाला ते कळत नाही.

महिन्यांचा हिशेबही नीट ठेवा. गाय सुमारे 280 दिवसांनी विते, म्हैस सुमारे 310 दिवसांनी. 1 जुलैला रेतन झालं असेल, तर गाय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि म्हैस मेच्या पहिल्या आठवड्यात. विण्याच्या दोन महिने आधी जनावर आटवायचं असतं. तारीखच माहीत नसेल, तर आपण शेवटपर्यंत दूध काढत राहतो. मग पुढच्या वेताला दूध कमी बसतं आणि वासरूही अशक्त निघतं.

कायद्यातही या तपासणीला वजन आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालच्या 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावराची कत्तल करता येत नाही. आपल्या राज्यात गोवंश हत्येला बंदीच आहे; म्हशीसाठी दाखला लागतो. त्यामुळे खाली समजून विकलेल्या गाभण म्हशीचा जीव पशुवैद्यकाच्या तपासणीवर अवलंबून असतो. घाईत न तपासता केलेली सही म्हणजे दोन जिवांचं नुकसान.

आणि 'खाली' हा निकाल ऐकून नाराज होऊ नका. समजा, एका जनावराला रोज 150 रुपयांचा चारा-ढेप लागते. गाभण समजून एक माज हुकला, तर 21 दिवसांचे 3,150 रुपये गेले. असे चार माज हुकले, की 12,600. खाली आहे हे वेळेत कळलं, तर पुढचा माज तरी हाती लागतो.

तर मंडळी, पुढच्या बाजाराला जाल तेव्हा बिल्ल्याचा क्रमांक स्वतः वाचा आणि दाखल्याशी एकेक आकडा जुळवून पाहा. दाखला जुना असेल, तर पैसे देण्याआधी पुन्हा तपासून घ्या. विकणाऱ्यांनाही आमचं हेच सांगणं आहे. खरा दाखला सोबत असला, की भावासाठी शपथा घ्याव्या लागत नाहीत. आता तुमचे प्रश्न घेऊ.