पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

युद्धाच्या मोबाइल खेळात नवखे खेळाडू नुसते तलवारबाज भरतात. घोडदळ अडवायला लांब भाले लागतात, भालाइतांना तिरंदाज दुरून टिपतात आणि तिरंदाजांवर घोडेस्वार तुटून पडतात. म्हणून तुकडी मिश्रच हवी. खऱ्या किल्ल्यातही तेच: जळकोटजवळच्या नळदुर्ग किल्ल्यात उपळ्या बुरुजावरच्या लांब तोफा पाहा. मारा दूरचा, पण तटाला भिडलेल्या शत्रूपुढे त्या निरुपयोगी. तिथं तलवार-भालाच कामाचा.

तुकडी बांधावी कशी, हे मात्र शिवकालीन घोडदळाकडून शिकावं. 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार. शिवाय दर 25 घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. मला हा नालबंद फार मोलाचा वाटतो. नाल निखळलेला घोडा खडकाळ वाटेवर लंगडतो, आणि भाला कितीही चांगला असला तरी स्वार मागेच राहतो. खेळातही दुरुस्ती करणाऱ्यासाठी प्रत्येक तुकडीत एक जागा राखावी.