पोखरा : कोसळलेल्या डोंगरावर वसलेलं गाव

लेखमाला : डोंगरकुशीतली तळी / लेखांक ६

मुक्तिनाथला जाऊन आलेलं एखादं तरी माणूस आपल्या नात्यात किंवा आळीत असतंच. त्यांना पोखऱ्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, "तिथे मुक्काम होता. तळं छान आहे." यात्रेच्या कार्यक्रमात पोखऱ्याच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ येते. मीही पहिल्यांदा अशीच गेले होते. पहाटे साडेतीनला उठवून सारंगकोटच्या टेकडीवर नेलं, तिथे ढग होते. मग धबधबा, मग गुहा, मग नदीची घळ, आणि दुपारी बस पुढे निघाली. सगळं पाहिलं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय ते काही कळलं नाही.

दुसऱ्यांदा गेले ती पाच दिवसांसाठी. तेव्हा उलगडलं, की तळं, जमिनीत गडप होणारा धबधबा, गुहा आणि शहराच्या पोटातून वाहणारी नदी या सगळ्या एकाच घटनेच्या खुणा आहेत. ती घटना माहीत असली की पोखरा निराळंच दिसू लागतं. म्हणून या आठवड्यात आधी ती गोष्ट, आणि काय कसं बघायचं ते तिच्या ओघात.

नेपाळच्या मध्यावर, काठमांडूपासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेला पोखरा आहे. त्याची उंची जेमतेम ८२० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. इथे केळी होतात, संत्री होतात, हिवाळ्यात पातळ स्वेटरवर भागतं. आणि मान वर केली की समोर अन्नपूर्णा. मुख्य शिखर ८०९१ मीटर, आणि पोखऱ्यापासून सरळ रेषेत पुरतं पन्नास किलोमीटरही लांब नाही. मधे उंच डोंगरांच्या रांगा नाहीत. हिमालयातल्या इतर गावांतून बर्फाची शिखरं दिसतात ती डोंगरांच्या पाच-सहा ओळींपलीकडून. पोखऱ्यात ती अंगणाच्या कुंपणापलीकडे असावीत तशी उभी असतात.

या जवळीकीचा एक परिणाम म्हणजे पाऊस. दक्षिणेकडचे डोंगर इथे ठेंगणे आहेत, त्यामुळे मोसमी ढग फारशा अडथळ्याविना आत येतात आणि थेट अन्नपूर्णेच्या भिंतीला थडकतात. शहरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेजारचं लुमले हे नेपाळमधलं सर्वाधिक पावसाचं ठिकाण, तिथे पाच हजारांच्या वर. आपल्या घाटमाथ्याची आठवण व्हावी असा तो पाऊस.

दुसरा परिणाम याहून मोठा आहे.

अन्नपूर्णा रांगेत, माछापुच्छ्रे शिखराच्या मागे साबचे नावाचं एक प्रचंड खोलगट कुंड आहे. तिन्ही बाजूंनी उभे कडे, आणि त्यात हिमनद्यांनी आणि दरडींनी आणून टाकलेला चुनखडीचा राडारोडा. सेती नदी इथूनच निघते. बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान या कुंडातला माल किमान तीनदा सुटला. पाणी, चिखल, वाळू आणि घराएवढे धोंडे एकत्र होऊन सेतीच्या खोऱ्यातून खाली धावले आणि पोखऱ्याची दरी भरून गेली. हा थर कित्येक ठिकाणी साठ-सत्तर मीटर जाड आहे. त्यात गाडल्या गेलेल्या लाकडांचं वय कार्बन पद्धतीने काढून, जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ते तीन लोंढे आणि नेपाळच्या इतिहासातले सुमारे ११००, १२५५ आणि १३४४ या सालांचे तीन महाभूकंप यांच्या काळाचा मेळ त्यांनी घातला. यातल्या १२५५ च्या भूकंपात काठमांडूचा राजा अभय मल्ल याचाही मृत्यू झाला होता.

हा काळ आपल्या हिशोबात मांडून बघा. १२५५ म्हणजे देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून वीस वर्षं होती. आपण सह्याद्रीत ज्या कातळावर बसून डबा खातो तो साडेसहा कोटी वर्षांचा. पोखऱ्याच्या बाजारपेठेखालची जमीन मात्र ज्ञानेश्वरीच्या वयाची. पायाखालची भूमी अशी 'नवी' असू शकते, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. शहरातल्या पृथ्वीनारायण कॅम्पसच्या परिसरात भीमकाली नावाचा एक अवाढव्य धोंडा आहे. आजूबाजूला डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवर तो एकटाच. लोंढ्याबरोबर वाहून आलेला धोंडा आहे तो. यात्रा कंपन्यांच्या यादीत तो नसतो. मी मात्र पोखऱ्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथे जायला सांगेन.

आता तळं. सेतीच्या मूळ खोऱ्यात राडारोडा भरला तेव्हा बाजूने येणाऱ्या लहान ओढ्यांची तोंडं बुजली. पाणी अडलं, मागे फुगलं, आणि खोऱ्याच्या कडेकडेने तळ्यांची माळ तयार झाली. पश्चिमेला फेवा, पूर्वेला बेगनास आणि रूपा, आणि मधेमधे लहान लहान डबकीवजा ताल. अशी नऊ तळी मिळून २०१६ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत आली. नेपाळीत तळ्याला 'पोखरी' म्हणतात, गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

फेवा तालात सगळ्यात खोल जागी पाणी वीस मीटरहून थोडंच जास्त आहे. तळ्यातल्या बेटावर ताल बाराहीचं देऊळ आहे. बाराही म्हणजे आपल्या सप्तमातृकांमधली वाराही. तिथे जायला लाकडी होड्या असतात, त्यांना डुंगा म्हणतात. मी ज्या डुंग्यात बसले त्याचे नावाडी साठीचे असावेत. मी त्यांना 'दाइ' म्हणत होते, ते मला 'दिदी'. वल्हवता वल्हवता त्यांनी देवीची कथा सांगितली : इथे पूर्वी गाव होतं. देवी भिकारणीच्या रूपात दारोदार फिरली, सगळ्यांनी हाकललं. एका गरीब जोडप्याने तेवढं जेवू घातलं. देवी त्यांना म्हणाली, डोंगरावर जा. ते वर चढले आणि खाली सगळं गाव पाण्यात गेलं. अशा कथा देशोदेशी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही जिथे खरोखरच आठशे वर्षांपूर्वी ओढ्याचं तोंड बुजून दरीत पाणी चढलं, तिथे ही कथा ऐकताना अंगावर काटा आला. ते पाणी चढताना कुणीतरी पाहिलं असेल, आणि ती आठवणच देवीच्या कथेत उरली असेल, असं मला वाटतं.

आज दिसणारं फेवा मात्र पूर्णपणे निसर्गाचं नाही. त्याच्या मुखाशी साठच्या दशकात भारताच्या मदतीने बांध घातला गेला. सत्तरच्या दशकात तो फुटला, तळं बरंच ओसरलं, नंतर तो पुन्हा बांधला. तळ्याचं खरं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. पश्चिमेकडून हर्पन खोला ही नदी दर पावसाळ्यात गाळ आणते. जुने लोक जिथे होडी चालवत तिथे आज गवत आहे, म्हशी चरतात. पूर्वेकडचा काठ हॉटेलांनी व्यापला आहे. काठापासून ६५ मीटरच्या आतली बांधकामं हटवा, असं नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं. तळ्याला लागून असलेल्या हॉटेलच्या गच्चीत बसून तळं बघण्यापेक्षा पलीकडच्या अनदू डोंगरावर चालत जा. दाट जंगलातून पाऊण-एक तासाची चढण आहे, वर जपानी बौद्ध संघाने उभारलेला शांती स्तूप आहे. पायाशी तळं, तळ्यापलीकडे शहर, त्यामागे सगळी हिमरांग. दरी कशी भरली, तळं कसं अडलं, हे तिथून नकाशासारखं दिसतं.

आता सेती. पोखऱ्यात दोन दिवस राहूनही नदी दिसली नाही असं सांगणारे लोक मला भेटलेत, आणि त्यात त्यांची चूक नाही. या भागात जुन्या लोंढ्यांचे गोटे आणि चुना मिळून काँक्रीटसारखा घट्ट थर झाला आहे. नदीने तो आडवा न कापता उभा चिरला. परिणामी शहराच्या ऐन वस्तीत तिचं पात्र कुठेकुठे वरून दोन-चार पावलांइतकंच रुंद, आणि खोली मात्र चाळीस मीटरहून अधिक. के. आय. सिंह पुलावर उभं राहून खाली डोकावलं तर अंधार आणि घोंगावणारा आवाज. डोळे सरावले की पांढुरकं पाणी दिसतं. सेती म्हणजे पांढरी. तो रंग वरून वाहून येणाऱ्या चुनखडीच्या पिठाचा. बरोबरचे प्रवासी पुलावर दोन मिनिटांत फोटो काढून निघाले, मी अर्धा तास तिथेच होते.

चुनखडी पाण्यात विरघळते, आणि पोखऱ्याच्या बाकीच्या नवलांचं मूळ यातच आहे. फेवाचं जादाचं पाणी पर्दी खोला नावाच्या ओढ्याने बाहेर पडतं आणि थोड्याच अंतरावर एका भोकात कोसळून नाहीसं होतं. तो 'पाताले छाँगो', पाताळातला धबधबा. पर्यटकांच्या तोंडी 'डेव्हिस फॉल' हे नाव आहे. १९६१ मध्ये एक स्विस प्रवासी स्त्री इथे वाहून गेली, तिच्यावरून ते पडलं. रस्ता ओलांडला की गुप्तेश्वर महादेवाची गुहा. पायऱ्या उतरून शिवलिंगाच्याही पुढे, अगदी तळाशी गेलं की खडकातल्या फटीतून तेच पाणी कोसळताना दिसतं, जे दहा मिनिटांपूर्वी वरून पाहिलेलं असतं. म्हणून क्रम हाच ठेवा : आधी धबधबा, मग गुहा. पावसाळ्यात धबधबा ऐन भरात असतो, पण गुहेचा तळचा भाग बंद असतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये धबधब्याची नुसती धार असते, तेव्हा नाराज होऊ नका, भोक नीट दिसतं.

मराठी कानाला 'पोखरा' म्हटलं की पोखरणं आठवतं. हा निव्वळ योगायोग, पण गावाला शोभणारा. उत्तरेला बटुलेचौरजवळ महेंद्र गुफा आणि वटवाघळांची चमेरे गुफा आहे, त्याही याच चुन्याच्या थरात. त्याच बाजूच्या अर्मला गावात २०१३ च्या अखेरीपासून शेतांत एकाएकी खड्डे पडू लागले. पृष्ठभागाखालची पांढरी, मऊ माती भूगर्भातल्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि वरची जमीन खचते. भातखाचर रात्री जागेवर होतं आणि सकाळी तिथे विहीर, अशी अवस्था. बघण्याची जागा म्हणून तिथे कृपा करून जाऊ नका. माणसांची घरं आहेत ती.

आणि वरचं कुंड अजून शांत झालेलं नाही. ५ मे २०१२ च्या सकाळी अन्नपूर्णा-४ च्या बाजूचा एक कडा सुटला. पोखऱ्यात स्वच्छ ऊन होतं. खारापानी इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर शनिवारच्या सुट्टीची गर्दी होती, आणि सेतीतून चिखलाची भिंत आली. साठहून अधिक माणसं गेली. त्या वेळी पर्यटकांना घेऊन उडणाऱ्या एका छोट्या विमानाच्या वैमानिकाने डोंगराकडून येणारा धुरळा पाहिला आणि नियंत्रण कक्षाला कळवलं. तिथून निरोप स्थानिक रेडिओवर गेला, म्हणून शहराजवळच्या नदीकाठच्या अनेकांना वर पळता आलं.

माछापुच्छ्रेबद्दल थोडक्यात. ६९९३ मीटरचं हे शिखर पोखऱ्यातून एकच टोकदार सुळका दिसतं, आणि अनेकजण विचारतात, माशाची शेपटी कुठाय? ती दोन टोकं दिसतात पश्चिमेकडून, घांद्रुक आणि अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवरून. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्याच्या जेमतेम पन्नास मीटर खालून परतली. त्यानंतर नेपाळ सरकारने या पवित्र शिखरावर चढाईला परवानगी दिलेली नाही. शेजारच्या अन्नपूर्णेवर मात्र २०२१ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याची प्रियांका मोहिते पोचली. सारंगकोटवर उभं राहिलात तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुरकटीने शिखरं दिवस दिवस दिसत नाहीत. गोरखपूरला रेल्वेने उतरून सुनौलीची सीमा ओलांडली की बुटवल, पाल्पामार्गे सिद्धार्थ राजमार्ग थेट पोखऱ्यात पोचवतो. रस्ता घाटाचा आहे, पूर्ण दिवस धरा. जवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपल्या यात्रा कंपनीला एवढंच सांगा, की पोखऱ्यात मुक्काम एका रात्रीचा नको, निदान तीन रात्रींचा हवा. चौघाजणांनी आग्रह धरला तर कार्यक्रम बदलतात, हा माझा अनुभव आहे. शिखरं पहाटेच दिसतात आणि दहापर्यंत ढगात जातात, त्यामुळे तीन सकाळी हाताशी असल्या तर एक तरी लाभतेच. एक दिवस बेगनाससाठी राखून ठेवा. तिथे हॉटेलं कमी आहेत आणि पाण्यात हिमरांग स्वच्छ उतरते.

पुढच्या लेखांकात पोखऱ्याहून जोमसोमकडे निघू, काली गंडकीच्या पात्रात. आपल्या देवघरातला शाळिग्राम तिथूनच आलेला आहे.