बसते ते जुळतेच असे नाही : गेमिंग संगणकाचे सुटे भाग निवडताना

तयार गेमिंग संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून तो जोडून घेतला, तर तेवढ्याच पैशांत अधिक चांगले ग्राफिक्स कार्ड पदरात पडते, असे साधे गणित मांडले जाते. निवडलेले सारे भाग एकमेकांशी जुळतील, हे गृहीत धरूनच ते मांडलेले असते. गोव्यासारख्या लहान बाजारपेठेत यांतले बरेचसे भाग बाहेरून मागवावे लागतात. खोके उघडलेला प्रोसेसर विक्रेते सहसा परत घेत नाहीत आणि मदरबोर्डवरच्या वाकलेल्या पिना वॉरंटीत धरल्या जात नाहीत. म्हणून ही तपासणी पैसे भरण्यापूर्वीच व्हायला हवी.

जो भाग मुळात बसतच नाही, तो फारसा घात करीत नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही रॅमपट्ट्यांना २८८ पिना असतात. परंतु खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी शिरत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. खरी फसगत होते ती भाग व्यवस्थित बसूनही चालत नाही तेव्हा. इंटेलचे एलजीए ११५१ सॉकेट हे याचे बोलके उदाहरण. २०१७ साली आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर याच नावाच्या सॉकेटात बसत. पण सहाव्या-सातव्या पिढीसाठी निघालेल्या मदरबोर्डांवर ते चालत नसत. काही पिनांची कामे बदलली होती आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक झाला होता. जुना मदरबोर्ड स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांना हा फरक आजही महागात पडू शकतो.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटची अडचण निराळी. या सॉकेटने रायझनच्या अनेक पिढ्या सामावून घेतल्या. बी-४५० चिपसेटच्या मदरबोर्डांवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. मात्र बायोस अद्ययावत असेल तरच. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेल्या बोर्डात जुनेच बायोस असते. मग पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. बायोस बदलण्यासाठी चालू स्थितीतला प्रोसेसर हवा, आणि हाती असलेल्या प्रोसेसरला तर जुने बायोस ओळखत नाही, असा तो पेच. काही बोर्डांवर प्रोसेसरविना पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्यासाठी बटण दिलेले असते. ते आहे की नाही, हे आधीच पाहिलेले बरे. म्हणजे केवळ सॉकेटचे नाव ताडून भागत नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी असते आणि कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे तिच्यात दिलेले असते. तपासणीचा खरा आधार तीच यादी. पीसीपार्टपिकरसारखी साधने ढोबळ विसंगती दाखवून देतात, तीही उपयोगी. पण शेवटचा शब्द निर्मात्याचा मानावा.

रॅमच्या बाबतीत एएम-५ सॉकेट फक्त डीडीआर-५ स्वीकारते, तर एलजीए १७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांसाठी निघाले असल्याने तिथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचावे लागते. पट्ट्या किती लावायच्या यालाही महत्त्व आहे. रायझन ७००० मालिकेचा एएमडीने जाहीर केलेला रॅमवेग दोन पट्ट्यांसाठी ५२०० असला, तरी चार पट्ट्यांसाठी तो ३६०० वर उतरतो. आज दोन घ्याव्यात, पुढे आणखी दोन लावता येतील, हा विचार काटकसरीचा वाटतो खरा. पण आरंभीच मोठ्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घेणे अधिक शहाणपणाचे.

ग्राफिक्स कार्ड कोणत्याही पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बहुधा चालते. अपवाद कमी मार्गिकांच्या कार्डांचा. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग जाणवण्याइतका घटतो. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडावी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा प्रसिद्ध कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर लागत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, असे म्हणणाऱ्याला तोवर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वीजपुरवठ्याकडे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटवर भागवते, तर आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट लागतात. त्यामुळे एसएमपीएस कार्ड पाहूनच निवडावा लागतो. आठ पिनांची एक जोडणी १५० वॅट आणि मदरबोर्डवरची खाच ७५ वॅट देते, या हिशेबाने कार्डाला किती केबली लागतील, ते ठरते. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलींबाबत विशेष सावधगिरी हवी. केबलीचे भागाकडचे टोक प्रमाणित असते; एसएमपीएसकडचे नसते. दुसऱ्या कंपनीची, क्वचित त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबल सहज बसते आणि पाच व्होल्टच्या तारेत बारा व्होल्ट सोडून हार्ड डिस्क जाळून टाकते. जुना एसएमपीएस बदलताना त्याच्या केबली तशाच ठेवून नवा जोडण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

यूपीएसचा विचार तर सहसा होतच नाही. पावसाळ्यात वीज जाणे गोव्याला नवे नाही आणि घरोघरी ६०० व्हीएचे यूपीएस दिसतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलते. कार्यालयीन संगणकाला ते पुरून उरते. खेळ ऐन रंगात असताना ४५० वॅट ओढणाऱ्या संगणकाला मात्र ते बॅटरीवर क्षणभरही सांभाळू शकत नाही. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर चालताना शुद्ध साइन लहर देत नाहीत आणि ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही; भार कमी असूनही संगणक बंद पडतो. मुख्य वीज सुरू असेपर्यंत यातले काहीच जाणवत नाही. म्हणून संगणक जोडून झाल्यावर एखादा जड खेळ चालवून, महत्त्वाचे काम उघडे नसताना, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच एकदा बंद करून पाहावा.